पिशवी उघडण्याआधी: नागपुरात खाऱ्या पाण्याचे मासे आणताना

नागपूरहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र पाचशे किलोमीटरच्या पलीकडेच. त्यामुळे इथल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत येणारा जवळजवळ प्रत्येक जीव मुंबई किंवा चेन्नईकडून थर्मोकोलच्या डब्यात बंद होऊन येतो. विमानाने आला तरी पॅकिंग, कार्गोची वाट आणि सोनेगाव विमानतळाहून घरापर्यंतचा रस्ता धरून बारा-चौदा तास सहज जातात. रात्रीच्या गाडीने किंवा समृद्धी महामार्गावरच्या बसने आला तरी हिशेब तेवढाच. किनाऱ्यावरच्या शहरांसाठी लिहिलेल्या सूचना इथे जशाच्या तशा लावल्या की मासे मरतात. कारण त्या दुकानातून घरी अर्ध्या तासात पोचणाऱ्या माशासाठी लिहिलेल्या असतात, आणि चौदा तास पिशवीत राहिलेल्या माशाचं पाणी वेगळंच झालेलं असतं.

पुढे आहे ती जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मागवलेल्या एका खेपेची पूर्ण पद्धत. मागवलेलं एवढंच: ओसेलॅरिस क्लाऊनफिशची जोडी, एक वॉचमन गोबी, दोन क्लीनर श्रिंप (कोळंबीची जात) आणि दहा टर्बो गोगलगायी. मुख्य टाकी चार बाय दीड बाय दोन फूट, म्हणजे साधारण ३४० लिटर, खाली सम्प, म्हणजे फिल्टरची जोडटाकी. आत आधीपासून एक निळी डॅमसेल मासोळी.

जानेवारीच का, हे आधी. नागपुरात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा मोसम. पावसाळ्याचा उत्तरार्धही चालतो. एप्रिलच्या मध्यापासून मृगाचा पाऊस स्थिरावेपर्यंत आम्ही काहीही मागवत नाही. नवतप्यात पारा ४५ च्या वर असताना कार्गोच्या आवारात तासभर राहिलेला डबा आतून काय होतो, ते सांगायला नको. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि त्याच वेळी माशाला तो जास्त लागतो. बर्फाच्या पिशव्या घातल्या तरी त्या वर्तमानपत्रात गुंडाळून झाकणाला चिकटवाव्या लागतात. माशाच्या पिशवीला बर्फ टेकला तर एका कोपऱ्यात मासा गारठतो.

निवड घरबसल्याच करावी लागते, म्हणून विक्रेत्याकडून दोन मिनिटांचा व्हिडिओ मागतो, आणि तोही खाताना. फोटो नको. फोटोत श्वास दिसत नाही. व्हिडिओत पहिल्यांदा कल्ले बघायचे. त्याच टाकीतल्या त्याच जातीच्या इतर माशांपेक्षा हा दुप्पट वेगाने उघडझाप करत असेल, तर तो सोडून द्यायचा. मग डोक्यामागची पाठ आणि पोट. पाठीच्या कडा आत गेलेल्या, पोट खपाटीला गेलेलं, असा मासा बरेच दिवस उपाशी असतो, आणि घरी आल्यावरही बहुधा खात नाही. शेपटीची फाटलेली किनार भरून येते, तिची चिंता नाही. क्लाऊनच्या अंगावर पांढुरका चिकट पापुद्रा सुटल्यासारखा दिसला, तर ती ब्रुकलिनेला या परजीवी रोगाची खूण. असा मासा घेऊ नये, आणि त्या टाकीतला दुसराही घेऊ नये. विक्रेत्याला दोनच प्रश्न: तुमच्याकडे किती दिवस झाले, आणि काय खातो. दहा दिवस राहून गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) खाणारा मासा पन्नास-शंभर रुपये जास्त देऊनही घ्यावा.

क्लाऊन शक्यतो हॅचरीत वाढलेले घेतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊन आणि डॅमसेलच्या प्रजननाचं तंत्र आपल्याकडे कधीच बसवलं आहे, त्यामुळे अशी पिल्लं मिळतात. ती टाकीतच जन्मलेली असतात, पेलेट ओळखतात, रोगही कमी आणतात. समुद्रघोडे, समुद्रकाकडी आणि दगडासारखे कठीण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. कुणी स्वस्तात देतो म्हटलं तरी घ्यायचे नाहीत. समुद्रातून उचललेला ‘लाईव्ह रॉक’ही त्याच प्रवाळाचा असतो, म्हणून कोरडा किंवा कृत्रिम खडकच वापरतो.

आता खरी तयारी, जी मागणी नोंदवायच्या महिनाभर आधी सुरू होते. क्वारंटाईन टाकी, म्हणजे नवे मासे आधी वेगळे ठेवायची टाकी, ६० × ३० × ३५ सेंटिमीटरची. कागदावर ती ६३ लिटर होते, पण पाणी काठापासून पाच सेंटिमीटर खाली ठेवलं की प्रत्यक्षात ५४ लिटर. औषधाचा प्रत्येक हिशेब या ५४ वरच करायचा. कागदावरच्या ६३ वर डोस काढला तर तो सहाव्या हिश्श्याने जास्त पडतो. तळाला वाळू नाही, खडक नाही, कारण दोन्ही औषध शोषतात. लपायला नळाच्या दुकानातले पीव्हीसीचे एल्बो, दोन इंची तीन आणि एक इंची दोन. ५० वॉटचा हीटर, एअर पंप, वर मच्छरदाणीच्या जाळीचं झाकण. गोबी पहिल्याच रात्री उडी मारू शकतो, म्हणून एअर ट्यूबसाठी सोडलेली फटही कापसाने बंद करतो. टाकी मुख्य टाकीपासून दहा फूट लांब, कारण बुडबुडे फुटताना उडणाऱ्या तुषारांतूनही रोगाचे जंतू जातात. जाळी, बादली, नळी वेगळी, आणि त्यांवर लाल टेप.

स्पंज फिल्टर मात्र नवा कोरा चालत नाही. तो किमान चार आठवडे मुख्य टाकीच्या सम्पमध्ये पडून हवा, म्हणजे त्यात अमोनिया खाणारे जिवाणू रुजतात. क्वारंटाईनमध्ये मेलेल्या माशांपैकी बरेचसे रोगाने मरत नाहीत, अमोनियाने मरतात. मग ‘क्वारंटाईनमध्ये ठेवलं म्हणून मेले’ असा समज पसरतो. चूक कोऱ्या स्पंजाची असते.

पाण्याबद्दल नागपूरकरांनी विशेष लक्ष द्यायची गोष्ट स्वयंपाकघरातला आरओ. कन्हान-पेंचच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि बोअरचं पाणी जड असतं, म्हणून लोक घरच्या आरओचं पाणी घेतात. त्यात दोन अडचणी. पहिली, बऱ्याच मशीनमध्ये टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर नावाची छोटी किल्ली असते, जी थोडं कच्चं पाणी परत मिसळते. दुसरी जास्त घातक: अलीकडच्या अनेक मशीनमध्ये आरोग्याच्या नावाने तांब्याची कार्ट्रिज बसवलेली असते. माणसाला ते तांबं चालतं, पण कोळंबी आणि गोगलगायीला अगदी थोडंही सहन होत नाही. म्हणून मेंब्रेनमधून निघणाऱ्या नळीलाच टी जोडून, पुढच्या सगळ्या कार्ट्रिज टाळून, उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या डीआय रेझिनची एक नळी लावली. आता मीटरवर टीडीएस ० येतो. रेझिन संपत आलं की तो २–३ दिसायला लागतो, तेव्हाच बदलायचं.

मीठ घालताना नेहमी पाण्यात मीठ, मिठावर पाणी नाही, नाहीतर कॅल्शियम पांढरं होऊन तळाला बसतं. मिसळलेलं पाणी पंप लावून २४ तास फिरतं ठेवतो. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे क्षारता मोजायचं यंत्र, ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) द्रावणावर जुळवून घेतो, आरओच्या पाण्यावर शून्य धरून नाही. शून्याला बरोबर दाखवणारं यंत्र ३५ ला दोन-तीनने चुकू शकतं.

किती क्षारतेचं पाणी बनवायचं, यावरच मासा जगणार की नाही हे बरंचसं ठरतं. मुख्य टाकीचं एसजी, म्हणजे शुद्ध पाण्याच्या तुलनेत खाऱ्या पाण्याची घनता, १.०२५. विक्रेते मात्र माशांची टाकी बहुधा १.०१८ ते १.०२० वर ठेवतात, कारण कमी क्षारतेत परजीवी दबून राहतात आणि मीठही वाचतं. म्हणून डबा निघायच्या आदल्या दिवशी आम्ही विक्रेत्याला विचारतो, तुमचं एसजी किती. या खेपेला उत्तर आलं १.०२०. ते म्हणजे साधारण २७ पीपीटी. ५४ लिटरला दीड किलोच्या आसपास मीठ लागलं. टाकीत आधीच १.०२५ चं पाणी असेल, तर १० लिटर काढून १० लिटर आरओ घातलं की ते जवळपास १.०२० वर येतं. क्षारता कमी होणं मासा सहज सोसतो. एकदम वाढणं सोसत नाही, अंगातलं पाणी ओढलं जातं आणि तो दोन-तीन दिवसांनी, सगळं ठीक आहे असं वाटत असताना जातो.

टाकी पिशवीसारखी करून ठेवायची, पिशवी टाकीसारखी करत बसायचं नाही, याचं कारण अमोनिया. बंद पिशवीत मासा श्वास सोडतो, कार्बन डायऑक्साईड साठतो आणि पीएच खाली येतो. त्याच वेळी त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात उतरत असतो. या डब्यातल्या क्लाऊनच्या पिशवीचा पीएच ६.८ आणि एकूण अमोनिया २ मिलिग्रॅम प्रति लिटर निघाला. ६.८ ला त्यातला विषारी भाग फक्त ०.३ टक्क्यांच्या आसपास असतो. उरलेला अमोनियमच्या रूपात, जो माशाला फारसा त्रास देत नाही. पिशवीचं तोंड उघडलं की कार्बन डायऑक्साईड उडून जातो. वरून एअर ट्यूबने ८.२ पीएचचं पाणी थेंबथेंब घालत राहिलं की पीएच चढतो. ८.२ ला तोच विषारी भाग साधारण ७ टक्के होतो, वीसपटीहून जास्त. पाणी दुप्पट होऊन अमोनिया निम्मा झाला तरी विष दहापट वाढलेलंच असतं, आणि मासा त्यातच तासभर बसतो. त्याचे कल्ले जळतात. ‘चांगलं दोन तास ड्रिप केलं तरी गेला’ ही तक्रार नागपुरात इतक्यांदा ऐकू येते, त्यामागे बहुतेकदा हेच असतं.

म्हणून डबा आला की क्रम असा. खोलीतले दिवे बंद, पडदे ओढलेले. चौदा तास अंधारात असलेल्या माशाला ट्यूबलाईटखाली आणू नये. पिशव्या न उघडता टाकीच्या पाण्यावर २० मिनिटं तरंगत ठेवायच्या. आतलं पाणी २२ अंश होतं, टाकीचं २५. तापमान जुळलं की एकेकच पिशवी उघडायची. लगेच पिपेटने दोन थेंब घेऊन एसजी बघायचं. फरक ०.००२ च्या आत असेल तर मासा प्लास्टिकच्या छोट्या भांड्यात घेऊन, पिशवीचं पाणी गाळून टाकून, सरळ टाकीत. उघडल्यापासून आत जाईपर्यंत दोन-तीन मिनिटांहून जास्त नाही. फरक जास्त निघाला तर ती पिशवी पुन्हा बांधायची आणि टाकीचं पाणी जुळवायचं, त्यासाठी आरओच्या आणि खाऱ्या पाण्याच्या दोन बादल्या शेजारी भरलेल्या असतातच. पिशवीचं पाणी टाकीत एक थेंबही जाता कामा नये.

श्रिंप आणि गोगलगायी या माशांच्या टाकीत जात नाहीत, कारण तिथे पुढे तांब्याचं औषध पडणार. त्यांच्यासाठी वेगळी ३० लिटरची टाकी. त्यांना क्षारतेचा बदल माशापेक्षा जास्त बाधतो, पण पिशवीत ते अमोनियाही फार कमी सोडतात, म्हणून त्यांच्यासाठी ड्रिप योग्य. एअर ट्यूबला सैल गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब, पाणी तिप्पट होईपर्यंत, साधारण तासभर. गोगलगायी काचेजवळ पायावर सरळ ठेवायच्या. टर्बो उलटी पडली तर कित्येकदा तिला स्वतःला पालटता येत नाही. तीन-चार दिवसांनी तळाशी श्रिंपची पारदर्शक कात दिसते, मिशांसकट अख्खी. मेलेली समजून ती फेकायला घाई करू नये, आधी पाईपमध्ये बघावं, श्रिंप तिथे लपलेला असतो.

वेगळी टाकी वगैरे हे सगळं निव्वळ श्रिंप आणि गोगलगायींसाठी कशाला, असं वाटेल. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन, माशाच्या अंगावर काही दिवस राहतो, मग गळून पडतो आणि कुठल्याही टणक पृष्ठभागावर कोष करून बसतो. गोगलगायीचं शिंपलं त्याला तितकंच चालतं. म्हणून श्रिंप आणि गोगलगायी मासा नसलेल्या टाकीत, २७ अंशांवर, ४५ दिवस. पाणी त्याहून थंड ठेवणार असाल तर जुना ७६ दिवसांचा नियम पाळा.

माशांकडे परत. पहिले चार दिवस औषध नाही, फक्त खाणं. दोन्ही क्लाऊन दुसऱ्या दिवशी खायला लागले. गोबी तिसऱ्या दिवसापर्यंत पाईपच्या तोंडाशी बसून राहिला, नुसते डोळे फिरवत. त्याच्यासमोर ड्रॉपरने मायसिस हळूच सोडल्यावर त्याने एक उचललं, थुंकलं, पुन्हा उचललं. असं थुंकून पुन्हा उचलणं हे चांगलं लक्षण आहे, उद्या तो नक्की खाणार. गोठवलेलं खाणं एकदा वितळलं की परत गोठवू नये. वीज जाऊन फ्रीजर बंद राहिला असेल, तर ते पाकीट फेकून द्यावं.

पाचव्या दिवसापासून परजीवींवरचं औषध, म्हणजे तांबं. आम्ही चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रेणूत बांधलेल्या तांब्याचा, प्रकार वापरतो, लक्ष्य २.४ मिलिग्रॅम प्रति लिटर, बारा-बारा तासांनी ०.६ असं चार वेळा. साध्या आयनिक तांब्याची मात्रा याच्या दहाव्या हिश्श्याइतकी असते, तेव्हा बाटली कुठली आहे हे बघितल्याशिवाय आकडा उचलू नये. मोजायचा किटही त्याच प्रकाराचा हवा. औषध शोषणारं फिल्टरमधलं कार्बन काढून ठेवायचं. तांबं चालू असताना अमोनिया बांधणारं औषध घालायचं नाही, दोन्ही मिळून तांबं जास्त विषारी होतं. अमोनिया वाढला तर पाणीच बदलायचं. वेल्व्हेट नावाचा रोग दिसला, म्हणजे अंगावर पिठीसारखी बारीक धूळ, पाण्याच्या प्रवाहात तोंड घालून धापा, तर मात्र चार टप्प्यांची वाट पाहू नये. तो रोग एक-दोन दिवसांत मासा नेतो, पूर्ण मात्रा २४ तासांत गाठावी.

पूर्ण मात्रेवर सलग ३० दिवस. यात सर्वांत जास्त चूक पाणी बदलताना होते. २० लिटर साधं खारं पाणी घातलं की २.४ चं १.५ होतं, आणि मोजलेले दिवस वाया जाऊन पुन्हा पहिल्यापासून ३०. म्हणून बदलायच्या पाण्यात आधी बादलीतच २.४ ची मात्रा. उलट बाजूने बाष्पीभवन. जानेवारीत ही टाकी दिवसाला पाव लिटरही गमावत नव्हती. मार्च उजाडला, हवा कोरडी झाली आणि रोज लिटरभर जाऊ लागलं. चार दिवस लक्ष दिलं नाही तर ५४ चे ५० लिटर होतात, क्षारता आणि तांबं दोन्ही आठ टक्क्यांनी वाढतात. काचेवर मार्करने रेघ ओढून रोज सकाळी रेघेपर्यंत आरओ पाणी. पहिल्या आठवड्यात एसजी १.०२० वरून १.०२५ वर न्यायचं होतं, तेव्हा हीच भर साध्या पाण्याऐवजी खाऱ्या पाण्याची घातली आणि उरलेलं पाणी बदलताना भरून काढलं, दिवसाला ०.००१ या चालीने.

३० दिवसांनंतर पाणी बदलून आणि कार्बन लावून तांबं काढलं. मग फ्लूक या चपट्या परजीवी कृमींसाठी प्राझिक्वांटेल हे औषध, लिटरला २.५ मिलिग्रॅम, म्हणजे ५४ लिटरला १३५. पावडर पाण्यात नीट विरघळत नाही, बाटलीत टाकीचंच कोमट पाणी घेऊन जोरात हलवून घालावी लागते. सात दिवसांनी दुसरी मात्रा, कारण पहिलीने अंडी मरत नाहीत. या दिवसांत पाणी दुधाळ होऊन प्राणवायू कमी होऊ शकतो, एअर पंप दोन. त्यानंतर दोन आठवडे काहीही न घालता नुसतं बघणं. सगळं मिळून जवळजवळ आठ आठवडे.

उन्हाळा लागताना आणखी दोन गोष्टी. कूलर सुरू झाला की खोली दमट होते आणि टाकीवरचा पंखा पाणी पूर्वीइतकं थंड करत नाही, म्हणून कूलर असलेल्या खोलीत टाकीचं तापमान नव्याने दोन दिवस बघावं. डासांचं लिक्विड मशीन टाकीच्या खोलीत लावू नये. एअर पंप तीच हवा ओढून पाण्यात सोडतो, आणि त्यातली पायरेथ्रॉइड कीटकनाशकं मासे आणि कोळंबी दोघांनाही घातक आहेत.

मार्चच्या शेवटी मासे मुख्य टाकीत गेले. तापमान आणि एसजी दोन्हीकडे सारखं, त्यामुळे जुळवणी वीस मिनिटांची. पण डॅमसेल टाकी स्वतःची समजते, म्हणून क्लाऊनची जोडी आधी छिद्रांच्या पारदर्शक डब्यात, आतल्या काचेला टांगून. पहिल्या दिवशी डॅमसेल डब्याला धडका देत राहिली. चौथ्या दिवशी नुसती जाता-येता बघून जायची. तेव्हा दिवे मालवल्यावर, दोन खडकांची जागा बदलून, जोडी सोडली. गोबीला डब्याची गरज पडली नाही, त्याने वाळूत एका कोपऱ्याखाली बीळ केलं. श्रिंप त्यांचे ४५ दिवस पुरे करून आधीच आत गेले होते.

क्वारंटाईन टाकी रिकामी करून, पाईपसकट घासून, गच्चीवर दोन दिवस उन्हात पालथी टाकली. तांब्यात राहिलेला स्पंज परत सम्पमध्ये जात नाही, तो फेकला. त्याच्या जागी नवा स्पंज सम्पमध्ये सोडला आणि त्याच्या नळीला टेप लावून तारीख लिहून ठेवली.